नव्याने बांधलेल्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनातून तेल गळतंय? आधी शोधा, मग खोला

अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन ओव्हरहॉल होऊन येतं, पहिल्या फेरीत आवाज एकदम स्वच्छ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तेलाचा डाग दिसतो. नव्या रिंगा, नवी बेअरिंग, पॅकिंगचा सगळा सेट नवा, तरीही तेल. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘शेलॅक (जोडाला लावायचं चिकट सीलंट) लावून परत टाइट करू.’ दुसरं, ‘मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.’ दोन्ही उत्तरं गाडीखाली न वाकता दिलेली असतात. पहिल्याने कव्हरचा पत्रा वाकतो आणि गळती वाढते. दुसऱ्याने खर्च वाढतो, आणि ज्या इंजिनाबद्दल आपण बोलतोय त्याला मागे सील मुळात नसतंच.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: तेल नेमकं कुठून येतंय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका आणि घट्टही करू नका. शोधायला एक सुटीचा दिवस पुरतो.

इथे उदाहरण घेतलंय ते अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाचं. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी-सिरीज’ इंजिन. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ते वर्षानुवर्षं बनवलं. त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं. त्यामुळे एमजीवाल्यांनी या इंजिनाबद्दल जे शिकून ठेवलंय ते आपल्याला बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या गाडीला मात्र हे सगळं लागू नाही, त्याची रचना वेगळी.

गळतंय ते इंजिन ऑइलच ना?

गाडीखाली रात्रभर जाड पांढरा पुठ्ठा अंथरा. पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण पुठ्ठ्यावर करा, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली आहे हे कळेल. नव्या इंजिनात तेल ताजं असतं, त्यामुळे डाग काळा नसून फिकट सोनेरी असू शकतो. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल भरलं असेल तर ते दाट असतं आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग उडवतं. ते सापडलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक बघा.

मग डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद होऊन दहा-पंधरा मिनिटं झालेली. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं तेल आधी काढा. तेलाला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघा. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल ब्लॉकमार्गे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या जोडांतूनही झिरपायला लागतं. असं असेल तर गाडी चालू करू नका. पंप दुरुस्त करा, तेल आणि फिल्टर बदला, आणि मगच पुढे जा. नव्या बेअरिंगांना पेट्रोल मिसळलेलं तेल परवडत नाही.

धुऊन, कोरडं करून

घाण इंजिनावर गळती शोधता येत नाही. रॉकेल किंवा डिग्रीझर, ब्रश, आणि भरपूर सुती चिंध्या घ्या. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. वरून खाली धुवत या: टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) कड, हेडच्या मागची बाजू, मॅनिफोल्डच्या खालचे साइड कव्हर, फिल्टर, टायमिंग कव्हर, चेंबरची सगळी कड, आणि बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या डब्याचा) खालचा भाग. हवेने फुंकून कोरडं करा. रॉकेल पूर्ण उडाल्याशिवाय इंजिन चालू करू नका, कारण सायलेन्सरचा पाइप तिथेच बाजूला असतो.

खाली जायचं तर गाडी घोडीवरच (जॅक स्टँडवर) हवी आणि चाकांना मागे-पुढे लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, जाऊ नये. चालू इंजिनाजवळ सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी नको. फॅन आणि बेल्ट उघडेच असतात.

कोणताही जोड बघण्याआधी ब्रीदर

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पिस्टन खाली येताना आणि रिंगांच्या फटीतून गॅस उतरताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत, हवेचा दाब तयार होतो. तो बाहेर पडायला या इंजिनात वाटा ठेवल्या आहेत, त्यांनाच ब्रीदर म्हणतात: टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी नळी, आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या साइड कव्हरमधून खाली उघडणारा पाइप. ओव्हरहॉलच्या वेळी ब्लॉक रंगवताना यातली एखादी वाट रंगाने बुजते, कधी नळी दुमडते, कधी जाळी जुन्या काजळीनेच भरलेली राहते, तर कधी एखाद्याने ‘इथून तेल उडतं’ म्हणून तोंड बांधून टाकलेलं असतं. वाट बंद झाली की दाब सगळ्यात कमजोर जोडातून तेल ढकलतो. तुम्ही एक पॅकिंग बदललं की तेल दुसरीकडून येतं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसत असेल तर पॅकिंगवर संशय घेऊ नका, ब्रीदर उघडा.

नळ्या काढून आरपार फुंका, जाळी रॉकेलमध्ये धुवा. मग इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून त्यावर कागदाचा तुकडा धरा. तो हलका थरथरला तर चालेल. धपधप करत उडायला लागला, सोबत धूरही येत असेल, तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे: रिंगांच्या फटीतून जास्त गॅस खाली उतरतोय. याहून नेमकं बघायचं असेल तर पारदर्शक प्लास्टिकची नळी डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा, मध्ये इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा झोळ देऊन त्यात थोडं पाणी ठेवा, आणि नळीचं दुसरं टोक उघडं सोडा. पाणी इंजिनाकडे ओढलं जाणार नाही एवढा झोळ लांब ठेवा. झाकण जागेवर, ब्रीदर मोकळे, इंजिन चालू: पाणी दोन्हीकडे जवळजवळ सारखं राहायला हवं. उघड्या बाजूला इंचभर किंवा जास्त चढलं, तर आत दाब साठतोय.

नव्या रिंगा बसायला काही शे किलोमीटर जावे लागतात, म्हणून सुरुवातीला थोडं बॅक कॉम्प्रेशन असणारच. या काळात तासन्‌तास आयडलवर ‘रन-इन’ करणं ही चुकीची पद्धत आहे. रिंगा सिलिंडरवर दाबल्या जाण्यासाठी इंजिनावर लोड यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये थोडा वेळ वेग वाढवायचा, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, पुन्हा वाढवायचा. तेल साधं मिनरल, 20 डब्ल्यू 50 चं; सिंथेटिक नको. पाचशे-सातशे किलोमीटरनंतरही कागद तसाच उडत असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरलं, तर त्यात चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल.

पावडर आणि प्रकाश

आता खरी तपासणी. कोरड्या इंजिनावर साधी टाल्कम पावडर मऊ ब्रशने किंवा फुग्याच्या पंपाने पातळ उडवा: सगळ्या जोडांच्या कडा, साइड कव्हरखाली, चेंबरच्या कडेला, बेल हाउसिंगवर. बेल्ट आणि कार्ब्युरेटरचं तोंड टाळा. इंजिन सुरू करून पाच मिनिटं आयडलवर ठेवा, बंद करा, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. मग गरम होईपर्यंत चालू ठेवा, परत बघा. मग पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, परत बघा. शेवटी गाडी तासभर उभी ठेवून पुन्हा एकदा.

या चार वेळांचा फरकच बरंच काही सांगतो. पहिल्या पाच मिनिटांतच ओली धार दिसली तर गळती दाबाखालच्या तेलाची: फिल्टर, प्रेशर गेजची नळी किंवा स्विच, तेलवाहिनीचा प्लग. गरम इंजिनात चालताना तिथे दर चौरस इंचाला 50 पाउंडांच्या आसपास दाब असतो, त्यामुळे चेंबर रिकामं व्हायला वेळ लागत नाही. अशी गळती दिसली की लगेच इंजिन बंद. गरम झाल्यावर हळूहळू ओल आली तर टॅपेट कव्हर, साइड कव्हर, टायमिंग कव्हर. आणि इंजिन बंद केल्यानंतर, उभ्या गाडीतून टपकलं तर चेंबर किंवा क्रँकची मागची बाजू.

ओल सापडली की तिचा माग वर आणि पुढे काढा. तेल खाली उतरतं आणि फॅनचा वारा, गाडीचा वेग त्याला मागे नेतो. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका, तो उगम. खालचा थेंब फक्त शेवट दाखवतो.

ताजं तेल इतकं पारदर्शक असतं की पावडरवरही कधी पुसट दिसतं. तसं झालं तर तेलात घालायचा अल्ट्राव्हायोलेट डाय आणि त्याचा टॉर्च मिळतो. डाय घालून गाडी थोडी फिरवा, अंधारात टॉर्च मारा. उगमापासूनची वाट हिरवट-पिवळी चमकते. कम्प्रेसरची हवा क्रँककेसमध्ये भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधायची युक्ती आधुनिक गाड्यांत चालते, इथे ती फसवते. या इंजिनाची मागची बाजू मुळात उघडी असल्याने तिथून हवा येणारच, आणि बघणारा म्हणणार, ‘बघा, सील गेलंय.’

वरून खाली येताना

टॅपेट कव्हर दोन नटांवर बसतं, मध्ये कॉर्कचं पॅकिंग. नटांखालचे रबरी बुश जुनेच ठेवले असतील तर तेल नटाच्या मुळातून येतं आणि पॅकिंगवर आळ येतो. मागच्या कोपऱ्यातून झिरपणारं तेल हेडच्या मागून उतरतं, बेल हाउसिंगवर ओघळतं आणि खाली अगदी क्रँकच्या मागून आल्यासारखं टपकतं. इंजिन विनाकारण उतरवलं जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, म्हणून हेडच्या मागच्या बाजूला आरसा धरल्याशिवाय पुढे जाऊ नका. कव्हरची कड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून बघा. वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर हातोडीने हळू सरळ करा. कॉर्क कव्हरच्या बाजूला पातळ डिंकाने चिकटवा, हेडच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात. बी-सिरीजच्या मॅन्युअलप्रमाणे या नटांना 4 फूट-पाउंड एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आहे.

साइड कव्हर दोन, इंजिनाच्या डाव्या अंगाला मॅनिफोल्डखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला. जागा अडचणीची, त्यामुळे घाईत बसवलेली असतात. प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट, आणि तो जितका आवळाल तितका पत्रा मध्ये खचून कडा उचलल्या जातात. त्याचा टॉर्क फक्त 2 फूट-पाउंड. सहा इंची पान्याच्या टोकाला दोन किलोपेक्षाही कमी जोर. बोल्टखालचं वॉशर विसरलं तर तिथूनही तेल येतं. कव्हर नीट बसवायला मॅनिफोल्ड काढावा लागला तर काढा, त्यात वेळ गेला तरी हरकत नाही.

तेलाचा फिल्टर उजवीकडे. त्याच्या वाटीची रबरी रिंग वरच्या खाचेत बसते, आणि जुनी रिंग खाचेत इतकी चिकटून राहते की ती खाचेचाच भाग वाटते. तिच्यावर नवी बसवली की दोन रिंगा होतात, आणि मग गळती धारेनेच. टोकदार सुईने खाच पूर्ण मोकळी करा. मधल्या बोल्टचं वॉशरही बघा. तांब्याची वॉशर पुन्हा वापरायची असतील तर लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतात.

टायमिंग कव्हरचा ओलावा पुलीमागे दिसतो आणि फिरणारी पुली तो गोल उडवते, त्यामुळे पुढच्या सगळ्या भागावर बारीक शिंतोडे येतात. जुन्या कव्हरमध्ये फेल्ट, नंतरच्यांत रबरी सील. सील नवं असूनही गळत असेल तर कारणं बहुधा तीन. कव्हर मध्यावर बसलेलं नाही: पुली सीलमध्ये सरकवून कव्हर जागेवर येऊ द्यायचं आणि मग बोल्ट आवळायचे, हा क्रम पाळलेला नाही. किंवा पुलीच्या नळीवर जुन्या सीलने खोल चर पाडलाय. नखाला लागला तर लेथवर स्लीव्ह घालून घ्या. किंवा आतली तेल फेकणारी चकती उलटी बसलीय. तिच्यावर इंग्रजी ‘एफ’ कोरलेलं असेल तर ती बाजू पुढे हवी. कव्हर कोरडं असून त्याच्या मागची जाड प्लेट ओली असेल, तर प्लेट आणि ब्लॉकमधलं पॅकिंग तपासा.

चेंबरला दोन बाजूंची पॅकिंग, आणि पुढच्या-मागच्या मेन कॅपच्या अर्धगोलांत कॉर्कच्या पट्ट्या. गळती जवळजवळ नेहमी जिथे पट्टी आणि पॅकिंग भेटतात त्या चार कोपऱ्यांत. पट्टी कापून कडेबरोबर केलेली असेल तर ती कमी पडते. ती किंचित वर राहायला हवी, म्हणजे दाबली जाऊन कोपरा भरते. कोपऱ्यांत न सुकणाऱ्या सीलंटचा एकेक ठिपका पुरे. सिलिकॉन भरभरून लावू नका. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आणि तुटलेला तुकडा पंपाच्या जाळीवर बसला तर नवं इंजिन तेलाविना फिरेल. चेंबरच्या बोल्टना टॉर्क 6 फूट-पाउंड. आधीच्या कोणी जोर लावला असेल तर भोकांभोवती पत्रा उंचावलेला असतो. तो ठोकून सपाट केल्याशिवाय कोणतंही पॅकिंग टिकणार नाही.

मागची बाजू

वरचं सगळं कोरडं आहे, आणि बेल हाउसिंगच्या तळच्या भोकातूनच तेल येतंय, तेव्हाच इथे या.

या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला उलट्या आट्या कापलेल्या असतात. क्रँक फिरतो तेव्हा या आट्या मागे सरकणारं तेल पुन्हा आत ओढतात, आणि ते कॅपमधल्या वाटेने चेंबरमध्ये परत जातं. आट्या आणि भोवतालचा धातू यांत अगदी थोडी फट, पण एकमेकांना स्पर्श नाही. झिजणारं रबर नाही, त्यामुळे योग्य मापाची असेल तर ही रचना क्रँकइतकी टिकते. पण ती फिरतानाच काम करते. इंजिन थांबलं की आट्यांत राहिलेलं तेल एखाद-दोन थेंबांनी बाहेर येऊ शकतं, आणि नाक वर करून चढावर गाडी लावली तर जास्तच. आत दाब असेल तर हवा त्या फटीतून बाहेर पडते आणि तेलाला बरोबर घेऊन जाते; ब्रीदर आधी बघायचं ते यासाठी.

ओव्हरहॉलनंतर इथली गळती अचानक वाढली असेल तर मशीन शॉपमध्ये काय काम झालं ते विचारा. मेन बेअरिंगच्या कॅप घासून लाइन बोरिंग (बेअरिंगची भोकं एका रेषेत पुन्हा कापणं) केलं असेल, तर क्रँकचा मध्य किंचित सरकतो आणि आट्यांभोवतीची फट एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त होते. मागच्या मेन कॅपच्या आडव्या सांध्यावर सीलंटचा पातळ थर लावायचा राहिला, कॅपमधली परतीची वाट गाळाने बंद राहिली, ब्लॉक धुताना काढलेला तेलवाहिनीचा मागचा प्लग नीट बसला नाही, किंवा मागच्या प्लेटचं पॅकिंग फाटलं, तरी तेल याच भोकातून येतं. यातला प्लग वेगळा ओळखता येतो: त्याची गळती इंजिन चालू असतानाच, भराभर होते, आणि बंद केलं की थांबते.

इंजिन उतरवायचं की नाही हे डागाच्या आकारावरून ठरवू नका, डिपस्टिकवरून ठरवा. एका कागदावर किलोमीटर आणि तेलाची पातळी लिहीत जा. निळा धूर नाही, पाचशे किलोमीटरला पातळी जेमतेम हलते आणि सकाळी रुपयाएवढे एक-दोन डाग पडतात, तर या रचनेच्या इंजिनाला मी तंदुरुस्त म्हणेन. खाली ट्रे ठेवा आणि गाडी चालवा. मात्र क्लच घसरायला लागला, किंवा सोडताना थरथरायला लागला, तर तेल प्लेटपर्यंत पोचलंय आणि थांबणं महागात पडेल.

उतरवायचंच ठरलं तर फ्लायव्हील काढल्यावर लगेच काही पुसू नका. आधी फोटो काढा. तेलाचा माग क्रँकच्या भोवताली आहे, वरच्या प्लगपासून आहे, की गिअरबॉक्सच्या शाफ्टकडून आलाय, हे त्या क्षणीच स्वच्छ दिसतं. मग आट्यांभोवती फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारही बाजूंनी फिरवून फट सारखी आहे का बघा. फारच असमान असेल तर ब्लॉक पुन्हा त्या मशीन शॉपकडे न्या आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून सोबत द्या. मागच्या बाजूला रबरी सील बसवण्याचे किट बाहेरदेशी एमजीसाठी मिळतात, पण ते बसवायला क्रँकचं आणि ब्लॉकचं माप नीट जुळावं लागतं. ज्याने हे काम आधी केलंय असाच लेथवाला शोधा. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागच्या प्लेटचं पॅकिंग तेव्हाच हाताशी आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला, आणि तिथे नाहीच मिळालं तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात हे सामान अजून सापडतं. कॉर्क घेताना बोटात दुमडून बघा. तडा गेला तर तो तुकडा दुकानातच ठेवा.